उकळत्या क्षेत्रांचा अभिजात हिशेब

विश्वात आज दर दीडशे कोटींहून अधिक फोटॉनांमागे जेमतेम एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन आहे. हे प्रमाण नगण्य वाटले, तरी भौतिकशास्त्रज्ञांना छळणारा प्रश्न उलटा आहे: तो एक तरी उरला कसा? आरंभीच्या उष्ण विश्वात द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच असते, तर दोघांनी एकमेकांना पुसून टाकले असते आणि मागे केवळ प्रकाश राहिला असता. आंद्रेई साखारोव यांनी १९६७ साली सांगितले की, पारडे द्रव्याच्या बाजूला झुकायचे असेल, तर बेरिऑनसंख्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वर्गातल्या कणांची निव्वळ गणती, बदलू शकणारी एखादी प्रक्रिया निसर्गात असलीच पाहिजे. जेरार्ड ट हूफ्ट यांनी १९७६ साली दाखवले की, अशी प्रक्रिया दुर्बल बलाच्या प्रस्थापित सिद्धान्तातच दडलेली आहे. मात्र थंड विश्वात ती इतकी दुर्मीळ, की तिची संभाव्यता लिहायला दशांशचिन्हानंतर दीडशेहून जास्त शून्ये मांडावी लागतात. पुढे १९८५ मध्ये कुझमिन, रुबाकोव आणि शापोश्निकोव या तिघांनी मांडले की, विश्व पुरेसे तापलेले असताना हीच प्रक्रिया सर्रास घडत असणार. सर्रास म्हणजे नेमकी किती? या एका आकड्यासाठी पुढली तीन दशके खर्ची पडली. आणि तो आकडा मिळाला तो क्वांटम यामिकीच्या सरळ वाटेने नव्हे, तर न्यूटन-मॅक्सवेल परंपरेतल्या अभिजात समीकरणांना संगणकातल्या चौकोनी जाळीवर चालवून. हा हिशेब आडवळणाचा असला, तरी पूर्ण विश्वासार्ह आहे, आणि तो विश्वासार्ह ठरला ते तो कुठे खोटे बोलतो हे शोधल्यामुळे, असे मला वाटते.

आधी प्रक्रिया समजून घेऊ. दुर्बल बल वाहणारी डब्ल्यू आणि झेड बोसॉन यांची क्षेत्रे विद्युत्-चुंबकीय क्षेत्राच्याच घराण्यातली, गेज क्षेत्रे, आहेत. फरक एवढाच की, प्रकाशलहरी एकमेकींतून आरपार जातात, तर ही क्षेत्रे स्वतःच स्वतःवर बल लावतात. त्यामुळे त्यांना पीळ पडू शकतो. खांबाला वेलीचे एक, दोन, तीन वेढे असावेत, तशा या क्षेत्राच्या निर्वात अवस्थाही पिळांच्या संख्येने वेगळ्या ओळखता येतात. या संख्येला चर्न-सायमन्स संख्या म्हणतात. पीळ एकाने बदलला की बेरिऑनसंख्या तीनने बदलते, कारण क्वार्कांच्या तीन पिढ्या आहेत. एका पिळातून दुसऱ्या पिळात जायचे, तर मध्ये ऊर्जेची डोंगररांग आडवी येते. फ्रान्स क्लिंकहॅमर आणि निकोलस मँटन यांनी १९८४ साली या रांगेतली खिंड शोधली आणि तिला स्फॅलेरॉन हे नाव दिले. ग्रीक मुळानुसार त्याचा अर्थ ‘कोसळण्याच्या बेतात असलेला’ असा होतो. खिंड हा शब्द इथे नेमका बसतो: रांगेच्या दिशेने पाहिले तर ती सगळ्यांत खालची जागा, आणि घाट चढणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यांत वरची. थंड विश्वात ही खिंड सुमारे ९ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट उंच आहे. तापलेल्या विश्वात मात्र मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राचे सरासरी मूल्य शून्याकडे जाते, ही रांगच खचते, आणि क्षेत्र या दरीतून त्या दरीत बेबंद वाहू लागते.

मग हा दर सरळ क्वांटम सिद्धान्तावरून का काढता आला नाही? गेज क्षेत्रांना जाळीवर बसवण्याची पद्धत केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्येच दिली होती आणि ती कमालीची यशस्वीही ठरली. क्वार्क-ग्लुऑन द्रवाचा दाब, ऊर्जाघनता, संक्रमणाचे तापमान असे प्रश्न तिने सुटतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी याच वाटेने महत्त्वाचे काम केले आहे. पण या पद्धतीत काळ काल्पनिक संख्यांच्या अक्षावर वळवून घेतलेला असतो. तसे केले की प्रत्येक शक्यतेला धन वजन मिळते, आणि फाशांनी नमुने काढून सरासरी घेता येते. खरा काळ तसाच ठेवला, तर प्रत्येक शक्यता अधिक-उणे झुलणाऱ्या संमिश्र संख्येसह येते. असंख्य मोठ्या संख्या एकमेकींना खोडतात आणि उत्तर म्हणून उरणारा बारीकसा अवशेष फाशांच्या गोंगाटात हरवतो. समतोलात किती दाब आहे हे या मार्गाने कळते. दर क्षणाला किती पीळ सुटले, हे कळत नाही. दर ही खऱ्या काळातली गोष्ट आहे.

इथे १९८८ साली ग्रिगोरिएव आणि रुबाकोव यांनी एक धीट सूचना केली: क्वांटम बाजूला ठेवा, क्षेत्राची अभिजात समीकरणे सोडवा. ही सूचना ऐकताच जो आक्षेप मनात येतो, तो रास्त आहे. बेरिऑनसंख्येचा बदल हा क्वांटम सिद्धान्तातला परिणाम. त्याचा दर अभिजात गणितातून कसा निघेल? उत्तर लहरींच्या लोकसंख्येत आहे. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या मोजणीतून निघालेला नियम सांगतो की, तापमानाच्या मानाने एखाद्या लहरीच्या एका क्वांटमची ऊर्जा जितकी कमी, तितके जास्त क्वांटा त्या लहरीत गर्दी करतात. गर्दी झाली की एकेका क्वांटमचे वेगळेपण बुडते, आणि लहर समुद्रावरच्या लाटेसारखी, सलग, वागते. रेडिओच्या अँटेनात फोटॉन मोजत बसावे लागत नाही, त्याचेही कारण हेच. पीळ बदलणारी हालचाल लांब लहरींची आहे, आणि लांब लहरी याच गर्दीच्या गटात मोडतात.

पण गर्दी खरोखर किती? दुर्बल बलाच्या युग्मांकाचा, म्हणजे त्या बलाची तीव्रता सांगणाऱ्या संख्येचा, वर्ग सुमारे ०.४ आहे, आणि इथे महत्त्वाच्या असलेल्या लहरींच्या ऊर्जेचे तापमानाशी गुणोत्तर साधारण तेवढेच भरते. म्हणजे प्रत्येक लहरीत दोन-अडीच क्वांटा. याला गर्दी म्हणणे जड जाते, आणि हा आक्षेप पहिल्यापेक्षा धारदार आहे. तो आकड्यांनीच तपासावा. एका आंदोलकाची शून्यबिंदू ऊर्जेसह खरी क्वांटम ऊर्जा आणि अभिजात ऊर्जा यांची तुलना केली, तर पहिल्या पातळीवरची चूक आपोआप खोडली जाते, आणि उरते ती त्या गुणोत्तराच्या वर्गाचा बारावा हिस्सा. गुणोत्तर ०.४ असेल, तर चूक दीड टक्क्याच्याही आत. गुणोत्तर थेट १ धरले, तरी जेमतेम आठ टक्के. भरीस, पीळ बदलण्याची हालचाल त्या लहरींच्या स्वाभाविक आंदोलनापेक्षाही बरीच संथ असते, हे पुढे येईलच. एका सुट्या आंदोलकाचा हिशेब परस्परांशी झोंबणाऱ्या क्षेत्राला तंतोतंत लागू होत नाही, हे मान्य. पण अभिजात वाट पहिल्याच पावलाला खचत नाही, एवढे त्यावरून ठरते.

प्रत्यक्षात काम असे चालते. अवकाशाची घनाकार जाळी घ्यायची. समजा प्रत्येक बाजूला ३२ बिंदू: एकूण ३२,७६८ बिंदू आणि त्यांना जोडणारे ९८,३०४ दुवे. क्षेत्र बिंदूंवर ठेवत नाहीत, दुव्यांवर ठेवतात. प्रत्येक दुव्यावर चार संख्यांची एक चौकडी, जिच्या वर्गांची बेरीज १. एका बिंदूवरची अंतर्गत दिशा शेजारच्या बिंदूवर नेताना किती फिरवायची, हे ती चौकडी सांगते. चार दुव्यांचा चौकोन पूर्ण फिरून आल्यावर दिशा जेवढी ढळलेली दिसते, तेवढे तिथले चुंबकीय क्षेत्र. प्रत्येक दुव्यावर त्याच्या बदलाचा वेग, म्हणजे विद्युत् क्षेत्रही, नोंदलेले असते. मग आधी दिलेल्या तापमानाला शोभेल अशी एक अवस्था निवडायची, आणि ती निवडताना गाऊसचा नियम प्रत्येक बिंदूवर पाळला गेला आहे, हे पाहायचे. वाटते तितके हे सोपे नव्हते. तापमानाची यदृच्छा आणि नियमाची शिस्त एकाच वेळी राखणाऱ्या पद्धती स्वतंत्रपणे शोधाव्या लागल्या. त्यानंतर समीकरणांच्या हाती सूत्रे द्यायची. काळ छोट्या छोट्या पावलांनी पुढे सरकतो, क्षेत्र खदखदते, आणि पिळांची संख्या दारुड्याच्या चालीसारखी कधी पुढे, कधी मागे जाते. अशा चालीत अंतराच्या वर्गाची सरासरी काळाच्या प्रमाणात वाढते. त्या वाढीचा चढ मोजला, त्याला आकारमानाने भागले, की मिळाला दर.

नेमके इथेच पहिल्या उत्तराने सगळ्यांना चकवले. यान आम्ब्यॉर्न आणि अलेक्झांडर क्रास्निट्झ यांनी १९९५ साली जाहीर केलेला दर तापमान आणि अल्फा, म्हणजे दुर्बल युग्मांकाच्या वर्गाला ४π ने भागून येणारी संख्या, यांच्या गुणाकाराच्या चौथ्या घाताच्या १.१ पट होता. जाळीतले अंतर बदलले तरी हा आकडा हलत नव्हता. संगणकी भौतिकीत याहून शुभ चिन्ह नाही: जाळी ही आपली सोय, निसर्गाची नव्हे, तेव्हा तिच्या विणीवर उत्तर अवलंबून नसणे म्हणजे खरे भौतिक सत्य हाती लागणे. आकडा अपेक्षेशीही जुळत होता. लांबीचे एकच माप घेऊन केलेला ढोबळ अंदाज चौथा घातच सांगत होता.

पण अभिजात क्षेत्राला एक जुना रोग आहे, आणि त्याची आठवण ठेवणारे त्या वेळीही होते. तप्त पोकळीतल्या किरणोत्साराला अभिजात नियम लावले, तर आखूडात आखूड लहरीलाही तापमानाइतकी ऊर्जा द्यावी लागते. लहरी अगणित, म्हणून ऊर्जाही अनंत. माक्स प्लांक यांना १९०० साली क्वांटमची कल्पना आणावी लागली ती अशाच तप्त पोकळीच्या किरणोत्साराचा वर्णपट समजावण्यासाठी. ज्या लहरीच्या क्वांटमची ऊर्जा तापमानाच्या दहापट आहे, तिला अभिजात नियम १ एकक ऊर्जा देतो, तर निसर्ग शून्यबिंदू वगळता ०.०००४५ एकक देतो. दोन हजार पटींहून जास्त चूक! जाळीवर ही आपत्ती अनंत होत नाही, कारण जाळीच्या अंतराहून आखूड लहर तिथे मावतच नाही. पण ती नाहीशीही होत नाही. ती फक्त जाळीच्या विणीवर अवलंबून राहते. बचावाचा युक्तिवाद असा होता की, असू देत आखूड लहरी बिघडलेल्या, पीळ तर लांब लहरी बदलतात.

हा बचाव १९९६ साली पीटर अरनॉल्ड, दाम थान सोन आणि लॉरेन्स याफे यांनी मोडीत काढला. त्यांचा मुद्दा शाळेतल्या एका प्रयोगाने समजतो. तांब्याच्या उभ्या नळीत चुंबक सोडला, तर तो रेंगाळत खाली येतो. तांबे चुंबकीय नाही. पण बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे नळीत प्रवाह फिरू लागतात आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे त्या बदलालाच विरोध करतात. आरंभीच्या विश्वात लांब लहरींचे चुंबकीय क्षेत्र पीळ बदलू पाहते, तेव्हा भोवती आखूड तरंगलांबीचे, दुर्बल भार वाहणारे तप्त कण दाटीने वावरत असतात. ते तांब्याच्या नळीसारखे वागतात. क्षेत्र ओढ लावते, कण प्रवाहाने तिला अडवतात, आणि हालचाल मधात फिरवलेल्या पळीसारखी मंदावते. या मंदीमुळे दरात अल्फाचा आणखी एक घात येतो: चौथ्याऐवजी पाचवा. पीळ लांब लहरीच बदलतात, हे खरे. पण त्यांच्या पायातली बेडी आखूड लहरींची आहे. आणि ती बेडी अभिजात जाळीवर किती जड असेल, हे जाळीच्या विणीवर ठरते. वीण बारीक केली, की आखूड लहरींची संख्या वाढते, बेडी जड होते, दर घटतो. वीण अतिबारीक केली, तर दर शून्याकडेच जाईल. म्हणजे शुद्ध अभिजात सिद्धान्ताला इथे स्वतःचे असे उत्तरच नाही.

मग १९९५ चा स्थिर आकडा कुठून आला? ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्याजोगी जागा आहे. पीळ मोजण्याचे सूत्र सलग अवकाशात अचूक असते, जाळीवर नसते. विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांचा गुणाकार साठवत गेले, की आखूड लहरींचा गोंगाटही पीळ म्हणून गणला जातो. तोही काळाच्या प्रमाणात वाढतो, आणि खऱ्या पिळांत बेमालूम मिसळतो. गाय मूर आणि नील टुरोक यांनी १९९७ मध्ये पिळाची पूर्णांकी गणती राखणारी पद्धत बांधली. आम्ब्यॉर्न आणि क्रास्निट्झ यांनीही क्षेत्र थंडावून, म्हणजे आखूड लहरी निवळू देऊन, मग पीळ मोजायला सुरुवात केली. गोंगाट गाळल्यावर जाळीच्या विणीचा परिणाम दिसू लागला. आधीची स्थिरता मोजणीच्या दोषाने निर्माण केलेली होती. ज्या कसोटीवर उत्तर खरे ठरले होते, ती कसोटीच डागी निघाली.

एखादा म्हणेल, मग पद्धतच टाकून द्यायला हवी होती. जे गणित जाळी बारीक करताच उत्तर बदलते, त्यावर विश्वाच्या इतिहासाचा निर्णय का सोपवायचा? आक्षेप वजनदार आहे, पण एक फरक त्यातून निसटतो. दर कशामुळे बदलतो, हे कळले नसते, तर पद्धत टाकावीच लागली असती. इथे ते नेमके कळले होते. जाळीवरच्या आखूड लहरी खऱ्या विश्वातल्या तप्त कणांचे सोंग आणत होत्या, फक्त सोंगाचे वजन चुकीचे होते. वजन दुरुस्त करता येते. चाओरान हू आणि बर्न्ट म्युलर यांनी जाळीत खरेच भारित कण सोडले आणि त्यांना क्षेत्राबरोबर धावू दिले. डिट्रिश ब्योडेकर, मूर आणि कारी रुम्मुकायनेन यांनी कणांऐवजी पूरक क्षेत्रे जोडून तोच परिणाम साधला. आणि ब्योडेकर यांनी १९९८ साली याहून स्वच्छ वाट दाखवली: बेडी इतकी जड आहे की लांब लहरींना जडत्व उरतच नाही, त्या केवळ घर्षण आणि यदृच्छेचे धक्के यांच्या समीकरणाने सरकतात. पाण्यात तरंगणाऱ्या परागकणाच्या हालचालीचे गणित, इथे गेज क्षेत्राला लावलेले. या समीकरणात आखूड लहरींची आपत्ती उरत नाही. वीण बारीक करा, उत्तर टिकते. या दुरुस्त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या, गृहीतके वेगळी होती, तरी त्यांची उत्तरे एकमेकांच्या जवळ आली. माझ्या मते विश्वास बसण्याची जागा ही आहे. एकाच पद्धतीने स्थिर आकडा देणे पुरेसे नसते, हे १९९५ ने दाखवले होते. वेगवेगळ्या दोषांच्या पद्धतींनी एका ठिकाणी येणे ही वेगळ्याच दर्जाची साक्ष आहे.

आकडेही सांगतो. मूर यांच्या २००० सालच्या हिशेबात दर अल्फाचा पाचवा घात आणि तापमानाचा चौथा घात यांच्या सुमारे २५ पट निघाला. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत २०१२ मध्ये हिग्ज कण सापडला, त्याचे वस्तुमान १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ठरले, आणि हिशेबातली शेवटची मोठी अज्ञात राशी गेली. मिकेला द’ओनोफ्रिओ, रुम्मुकायनेन आणि आंदर्स ट्रानबर्ग यांनी २०१४ साली संपूर्ण प्रमाण प्रतिमानासाठी, म्हणजे मूलकणांच्या प्रस्थापित सिद्धान्तासाठी, हा दर काढला, तेव्हा तो गुणक १८ आला, ३ ची अनिश्चितता धरून. अल्फा सुमारे एक-तीसांश आहे. त्याचा पाचवा घात फार लहान, पण १८ ने गुणल्यावर दर दहा लाखांत एकाच्या जवळ येतो. ऐकायला हे थोडे वाटते. पण त्या वेळी विश्वाच्या प्रसरणाची गती याच्या मानाने कोट्यवधी पटींनी संथ होती. म्हणजे पीळ बदलायला वेळच वेळ होता. त्याच कामातून दिसले की, १५९.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास हिग्ज क्षेत्र जागे होते, डोंगररांग पुन्हा उभी राहते, आणि १३१.७ ला, अडीच गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टहून कमी अनिश्चिततेने, पीळ बदलणे प्रसरणाच्या मागे पडून थिजते. केल्व्हिनमध्ये हे तापमान पंधरा कोटी कोटींच्या घरात जाते, आणि विश्वाचे वय तेव्हा सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास होते.

यातून द्रव्याचे कोडे सुटले का? नाही. हिग्जचे वस्तुमान १२५ असताना हिग्ज क्षेत्र जागे होण्याचे हे संक्रमण पाणी उकळून वाफ होण्यासारखे झटक्याचे नसते, लोणी मऊ होत जाण्यासारखे सलग असते. हे कायान्टिए, लाइने, रुम्मुकायनेन आणि शापोश्निकोव यांच्या १९९६ च्या जाळीगणितावरून आधीच स्पष्ट होते. सलग संक्रमणात समतोल पुरेसा ढळत नाही, आणि समतोल ढळणे ही साखारोव यांनीच घातलेली आणखी एक अट होती. म्हणून प्रमाण प्रतिमानाला एकट्याने हे जमत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाते. कारण दुसऱ्या बहुतेक स्पष्टीकरणांना याच खिंडीतून जावे लागणार आहे. फुकुगिता आणि यानागिदा यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या कल्पनेत असमतोल आधी लेप्टॉनांत, म्हणजे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो वर्गातल्या कणांत, जड न्यूट्रिनोंच्या क्षयातून तयार होतो, आणि पीळ बदलण्याची हीच प्रक्रिया त्याचा काही भाग बेरिऑनांकडे वळवते. ती कुठल्या तापमानाला थांबते, हे माहीत नसेल, तर त्या कल्पनेचा आकडा काढताच येत नाही.

अभिजात वाटेच्या मर्यादाही तितक्याच ठाम सांगायला हव्यात, कारण यशाच्या भरात तिला नको तिथे नेण्याचा मोह होतो. जड अणुकेंद्रकांच्या टकरीत पहिल्या क्षणी ग्लुऑनांची, म्हणजे क्वार्कांना बांधणारे बल वाहणाऱ्या कणांची, एवढी दाटी असते की अभिजात क्षेत्र योग्यच ठरते. क्रास्निट्झ आणि राजू वेणुगोपालन यांनी नव्वदच्या दशकाअखेरीस हे गणित सुरू केले. पण ते द्रव्य फुटून पसरते, दाटी ओसरते, आणि प्रत्येक लहरीत एखादाच क्वांटम उरला की अभिजात वर्णनाचा अधिकार संपतो. तिथून पुढे कणांच्या टकरींचे समीकरण घ्यावे लागते. अभिजात जाळी तशीच पुढे रेटली, तर ती सुबक चित्रे देत राहील, पण ऊर्जा आखूड लहरींत चुकीच्या मार्गाने वाटली जाईल.

क्वांटम संगणक आले की हे सारे कालबाह्य होईल, असेही म्हटले जाते. दिशा खरी आहे. इन्सब्रुकमध्ये २०१६ साली चार बद्ध आयनांवर एका गेज सिद्धान्ताची खऱ्या काळातली हालचाल चालवून दाखवली गेली. मात्र तो सिद्धान्त अवकाशाच्या एकाच मितीतला, विद्युत्-चुंबकत्वाच्या साध्या रूपाचा होता. तीन मितींतले, स्वतःवर बल लावणारे, तापलेले क्षेत्र त्यापासून फार दूर आहे. आणि ते यंत्र उद्या आले, तरी त्याचे उत्तर तपासायला काहीतरी लागेल. वर सांगितलेला १८ हा गुणक, त्याच्या ३ च्या अनिश्चिततेसह, तेव्हा त्याच्यासमोर ठेवायची पहिली परीक्षा असेल.

आज हा आकडा द्रव्याच्या उत्पत्तीच्या हिशेबांत वापरला जातो, आणि १३१.७ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली विश्व उतरले, तेव्हापासून या मार्गाने बेरिऑनांची निव्वळ गणती बदललेली नाही.